उरलेल्या झाडांचं जंगल

अमेरिकेच्या पूर्व भागात ज्यांच्या मालकीचं थोडंफार जंगल आहे, त्यांच्या दारात कधी ना कधी लाकडाचा व्यापारी येतोच. त्याचं बोलणं ऐकायला गोड असतं. जंगल सपाट करायचं नाही. छातीच्या उंचीवर १६ इंचांहून जाड भरतील तेवढीच झाडं न्यायची, बाकीची जागच्या जागी. आत्ता रोख पैसे मिळतील आणि वीसेक वर्षांत धाकटी झाडं मोठी झाली की पुन्हा मिळतील. मालक हो म्हणतो. लाकूड जातं, पण जंगल हिरवंच दिसतं; रस्त्यावरून जाणाऱ्याला तोड झाल्याचं कळतही नाही. वीस वर्षांनी व्यापारी पुन्हा येतो, रानातून एक फेरी मारतो आणि दर असा सांगतो की मालकाला वाटतं, हा आपल्याला फसवतोय. बहुतेकदा तो फसवत नसतो. फसवणूक पहिल्याच वेळी झालेली असते.

‘सरसकट तोड वाईट, निवडक तोड चांगली’ हे समीकरण जगभर लोकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. घोटाळा ‘निवडक’ या शब्दात आहे. घरी तांदूळ निवडताना खडे बाहेर जातात आणि तांदूळ सुपात राहतात. वर सांगितलेल्या तोडीत याच्या नेमकं उलट घडतं: सरळ, निरोगी, दमदार झाडं ट्रकवर चढतात आणि वाकडी, पोकळ, फाटे फुटलेली रानात राहतात. अमेरिकी वनाधिकारी याला ‘हाय-ग्रेडिंग’ म्हणतात आणि हा शब्द ते शिवीसारखा वापरतात. वनशास्त्रातली खरी निवड-पद्धत वेगळी आहे. तिच्यात सगळ्या जाडीची झाडं काढतात, रोगट आणि वाकडी आधी काढतात, आणि काय न्यायचं यापेक्षा काय ठेवायचं हे अगोदर ठरवतात. कागदावर मात्र दोन्हींचं नाव एकच असतं.

     इथे बोलणं आहे ते रुंदपर्णी झाडांच्या जंगलांचं: अमेरिकेतले ओक, मेपल, बीच आणि आपल्याकडचा साग.

आता त्या मालकाच्या मनातलं गणित पाहू. मोठी झाडं काढली की लहानांना ऊन-पाणी मिळेल आणि ती वाढतील. माणसांच्या घरात हे खरं असेल. थोरला मुलगा शहरात गेला की धाकट्याच्या वाट्याला जास्त येतं. पण जंगलात लहान म्हणजे धाकटा नव्हे.

पूर्व अमेरिकेतली बहुतेक जंगलं १८८० ते १९२० या काळात जवळजवळ पूर्ण कापली गेली. वेस्ट व्हर्जिनियासारख्या डोंगराळ राज्यातही आगगाडीचे रूळ घाटात पोचले आणि चाळीस वर्षांत मूळ रान संपलं. आज उभं आहे ते त्यानंतर एकदमच उगवलेलं. म्हणजे शेजारी शेजारी उभी असलेली दोन फूट जाडीची आणि आठ इंच जाडीची झाडं पुष्कळदा एकाच वयाची असतात. एकानं डोकं वर काढलं, दुसरं त्याच्या सावलीत खुरटलं. दोन्हींचे बुंधे कापून वर्तुळं मोजली तर आकडा जवळपास सारखाच येतो. फरक एवढाच की लहानाची वर्तुळं केसासारखी बारीक आणि दाटीची. ऐंशी वर्षं उपासमार झालेल्या झाडाचा शेंडा तोकडा असतो, मुळं मर्यादित असतात. त्याला अचानक ऊन मिळालं म्हणून ते तरुण होत नाही. काही जाती थोडीफार उभारी धरतात. मेपल आणि बीच सावलीत दशकानुदशकं वाट पाहू शकतात आणि जागा मिळाली की वाढतात. ओकची गोष्ट तशी नाही.

ओकला ऊन मिळालं की आणखी एक भानगड होते. पांढऱ्या ओकच्या खोडावर सालीखाली निजलेले डोळे असतात. आजूबाजूची झाडं जाऊन खोडावर एकदम उजेड पडला की ते जागे होतात आणि बुंध्यावर जागोजाग फुटवे येतात. दबलेल्या झाडांवर तर जास्तच. पुढे प्रत्येक फुटव्याची लाकडात गाठ होते. बर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरवायची, असा अमेरिकेत कायदा आहे, आणि त्या पिंपांना लागतो तो पांढरा ओक. त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असल्यानं पिंप गळत नाही. तांबड्या ओकच्या नळ्या मोकळ्या असतात. त्याच्या छोट्या तुकड्यातून फुंकर मारली तर हवा पलीकडे जाते. पिंपाच्या फळीत गाठ चालत नाही. त्यामुळे जे झाड पिंपाच्या भावानं जायचं, ते मालाच्या खाली ठेवायच्या पॅलेटच्या भावानं जातं.

म्हणून ‘तोडीनंतर जंगलाची वाढ होते की नाही’ हा प्रश्नच अर्धवट आहे. वाढ होते. वाकडं झाडही दरवर्षी लाकूड धरतं आणि घनफळाच्या आकड्यात ते सरळ झाडाइतकंच मोजलं जातं. दोन अहवालांत एकच आकडा दिसतो. एका रानातून फर्निचरच्या फळ्या निघतात, दुसऱ्यातून जळण.

यात भर पडते ती जखमांची. ओंडके ओढताना यंत्राची, साखळीची घासट उरलेल्या झाडांच्या बुंध्याला बसते, साल निघते. ‘येईल भरून’ असं सगळेच म्हणतात, कारण काही वर्षांत नवी साल जखमेवर सरकलेली दिसते. अमेरिकी वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी साखळी-करवतीनं हजारो झाडं उभी चिरून पाहिली, आणि दाखवून दिलं की झाड आपल्या जखमा बऱ्या करत नाहीच. आपल्या कातडीसारखी जुनी पेशी काढून नवी बसवण्याची सोय त्याच्याकडे नाही. ते कुजणाऱ्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि तो भाग कायमचा कोंडून ठेवतं. बाहेरून साल बुजते, आत डाग आणि कुज तशीच राहते. ही घासट बसते ती नेमकी खालच्या ओंडक्याला, आणि झाडाची बहुतेक किंमत असते त्याच ओंडक्यात.

इथवर वाचून वाटेल की हाय-ग्रेडिंग सोडून शास्त्रशुद्ध निवड-पद्धत वापरली की झालं. ते पुरत नाही, आणि या विषयातली खरी मेख इथेच आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्सन्स गावाजवळ १९३४ मध्ये फर्नो प्रायोगिक जंगल सुरू झालं. तिथे साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापासून शेजारच्या पट्ट्यांत वेगवेगळ्या पद्धतींची तोड होत आली आणि नोंदी ठेवल्या गेल्या. पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत जाडीच्या मर्यादेची तोड आणि काळजीपूर्वक एकेक झाड निवडून केलेली तोड या दोन्हींखाली जंगल मेपलकडे सरकलेलं दिसलं. वरचे ओक जात होते, खालून नवे येत नव्हते. एकेक झाड काढल्यानं छतात जी भोकं पडतात ती लहान असतात. तेवढा उजेड मेपलच्या रोपाला पुरतो, ओकच्या रोपाला पुरत नाही. जुन्या काळी अधूनमधून लागणारे वणवे पातळ सालीच्या मेपलला मारायचे आणि ओकला वाट करून द्यायचे. वणवे थांबवले गेले, हरणं वाढली आणि ती ओकची कोवळी रोपं खात राहिली. हळुवार तोड म्हणजे जंगलाला आहे तसं ठेवणं, असं समजणाऱ्याला हे कळायला पन्नास वर्षं लागतात. तोपर्यंत सुरुवात करणारा माणूस निवृत्त झालेला असतो.

पण जागा बदलली की उत्तरही बदलतं. मिसूरी राज्याच्या ओझार्क डोंगरात लिओ ड्रे यांनी १९५१ पासून जमीन घ्यायला सुरुवात केली. त्यातला मोठा भाग पिंपांच्या लाकडासाठी बेसुमार कापला गेलेला होता. तिथे त्यांनी एकेक झाड निवडण्याचीच पद्धत चालवली आणि २००४ मध्ये १ लाख ४० हजार एकरांहून मोठं हे ‘पायोनियर’ जंगल एका प्रतिष्ठानाला दान केलं. अर्ध्या शतकानंतरही तिथे ओक होता. कारण ओझार्कची माती उथळ आणि कोरडी; तिथे मेपलला जोर धरता येत नाही, म्हणून ओकची रोपं वर्षानुवर्षं साठून राहतात. पुढच्या शतकातही हे टिकेल का, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत.

मग हात न लावणंच बरं, हा पुढचा निष्कर्ष अनेकजण काढतात. त्याला विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी लोकांचं जंगल हे उत्तर आहे. १८५४ मध्ये या आदिवासींच्या वाट्याला आलेली जमीन सुमारे २ लाख ३५ हजार एकर. तेव्हा उभ्या लाकडाचा अंदाज १२० कोटी बोर्ड फूट होता (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट). त्यानंतर तिथून २०० कोटींहून अधिक बोर्ड फूट लाकूड काढलं गेलं, आणि आज उभं लाकूड १८५४ पेक्षा जास्त आहे. पिकलेली, आजारी आणि पडलेली झाडं आधी घ्यायची आणि सूर्य उगवतो त्या टोकापासून मावळतो त्या टोकाकडे सरकत जायचं, ही रीत प्रमुख ओशकोश यांच्या नावानं सांगितली जाते.

ही कहाणी पुष्कळदा निसर्गाशी एकरूप झालेल्या लोकांची दंतकथा म्हणून सांगितली जाते, आणि ते त्यांच्यावर अन्यायकारक आहे. त्यामागे कायदे आहेत, करवतगिरणी आहे, कोर्टकचेरी आहे. १८९० च्या कायद्यानं वर्षाला २ कोटी बोर्ड फुटांची मर्यादा घातली. १९०८ च्या कायद्यात फक्त पक्व झाडं तोडायची असं लिहिलेलं असतानाही सरकारी वनाधिकाऱ्यांनी काही भाग साफ कापले. मेनॉमिनींनी सरकारवर दावा लावला आणि १९५१ मध्ये ८५ लाख डॉलर मिळवले. आणखी एक गोष्ट दंतकथेत बसत नाही. ते सगळीकडे एकेक झाड निवडत नाहीत. मेपलच्या भागात निवडतात. जिथे ओक किंवा पांढरा पाइन हवा तिथे छत्र बरंच मोकळं करतात, आणि अ‍ॅस्पेनच्या भागात तर पट्टाच कापतात, कारण अ‍ॅस्पेनला पूर्ण ऊन लागतं. ‘निवडक तोड चांगली’ हे वाक्य त्यांच्या जंगलात फक्त काही कक्षांपुरतं खरं आहे.

चांगली झाडं नेली की वाण बिघडतो, ही भीतीही नेहमी ऐकू येते. शेतकऱ्याला ती लगेच पटते. चांगलं बियाणं विकून दुय्यम पेरणारा कोण? पण झाडाचा सरळपणा आणि जाडी यांत माती, दाटी आणि नशीब यांचा वाटा मोठा असतो. अमेरिका खंडातल्या महोगनीबाबत याचा हिशोब मांडणाऱ्या संशोधकांना एकाच तोडीचा आनुवंशिक परिणाम किरकोळ दिसला. महोगनीची अडचण साधी होती: बी धरणारी मोठी झाडंच उरली नाहीत, म्हणून रोपंही आली नाहीत. २००३ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं नियंत्रण आहे.

उष्ण प्रदेशातल्या निवडक तोड झालेल्या जंगलांवरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा गोषवारा फ्रान्सिस पुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडला. त्याच जातींची दुसरी तोड केली तर लाकूड पहिल्याच्या साधारण ५४ टक्केच मिळतं. दुसरीकडे, प्राणी आणि वनस्पतींच्या ८५ ते १०० टक्के जाती एका तोडीनंतरही टिकून असतात. म्हणजे तोडलेलं जंगल मेलं, आता त्यात पाम किंवा रबर लावा, असं म्हणणाऱ्यांना यात काहीच आधार मिळत नाही.

आणि सागाचं काय? मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका मलबारच्या सागाची होती. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. अशा जहाजांनी मलबारचा मोठा साग संपवत आणला आणि इंग्रजांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली. तिथे १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पेगूच्या सागवनांची जबाबदारी आली. त्यांनी हत्तीवरून रान पालथं घालून, झाडांची घेरानुसार मोजणी करून जी पद्धत उभारली ती पुढे ‘बर्मा सिलेक्शन’ म्हणून ओळखली गेली. ठरलेल्या घेराच्या वरचीच झाडं घ्यायची, एका रानात तीस वर्षांनीच परत जायचं, आणि झाड तोडण्याआधी सालीची कडी काढून ते उभ्यानं वाळवायचं, कारण ओला साग नदीत तरंगत नाही. घेराची मर्यादा हे त्यातलं सर्वांत सोपं कलम होतं आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. ब्रँडिस मोजत होते ते मर्यादेखालची झाडं किती आहेत आणि किती वर्षांत वर येतील, हे. नवा साग सावलीत रुजत नाही, ही अडचण त्या पद्धतीलाही होतीच.

अलीकडच्या दशकांत म्यानमारमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त तोड झाली आणि तीस वर्षं न थांबता त्याच रानांत पुन्हा पाऊल पडलं. २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद झाली. २०१६ मध्ये देशभर एक वर्षाची तोडबंदी आली आणि सागाचं माहेर मानल्या जाणाऱ्या बागो योमा डोंगरांसाठी ती दहा वर्षांची ठेवली गेली, म्हणजे ब्रँडिस यांच्या एका फेऱ्याचा तिसरा हिस्सा.