कापसाची धूळ आणि सुट्टीनंतरचा दम

कापसाची गाठ फोडून पिंजण्यापर्यंत जी धूळ उडते, तिच्यामुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या विकाराला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. आपल्या कापड व्यवसायात हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. खोकला मात्र सर्वांना ठाऊक आहे आणि तो बहुधा बिडीच्या किंवा टी.बी.च्या खात्यावर लिहिला जातो.

हा आजार ओळखायचा तो दिवसावरून. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामगार पाळीला येतो. काही तासांत छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. पुढे काही वर्षांनी त्रास आठवडाभर टिकू लागतो आणि शेवटी काम सोडले तरी दम जात नाही. इंग्लंडात डॉ. शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्या तपासून १९५० च्या दशकात याच क्रमाने आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. तिथे सुट्टी रविवारची, म्हणून हा सोमवारचा आजार ठरला. पण मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. तिथल्या मजुराला ‘सोमवारी त्रास होतो का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. त्याला शनिवारचे विचारावे आणि ईदच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचे तर जरूर विचारावे.

गिरणीत सर्वांत जास्त धोका ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यात. मदनपुऱ्यातले मोमीन बांधव बहुतेक साचा खात्यात असत. तिथे धूळ कमी, कानठळ्या जास्त. परंतु पिंजारी बांधवांचे काय? पूर्वी मार्वेहून होडीने मनोरीत गाद्या पिंजायला येणारे पिंजारी तोंडाला फडके बांधत. बारीक धूळ त्या फडक्याला जुमानत नाही. वेस्ट कापसाच्या गोदामात काम करणाऱ्यांची गतही तीच.

दोष कापसाच्या तंतूचा नाही. बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा कापसात राहतो, त्यावर जंतू वाढतात आणि त्या जंतूंतील एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य श्वासनलिकेला सूज आणते. बेरिलियम धातूच्या धुळीचा प्रकार निराळा आहे. तिथे काही कामगारांचे शरीर त्या धातूवर उलटते आणि फुफ्फुस बिघडण्याआधीच ही संवेदनशीलता रक्ताच्या तपासणीत दिसू शकते. कापसासाठी अशी रक्ततपासणी नाही, एक्स-रेतही खास खूण उमटत नाही. म्हणून यंत्रात फुंकून श्वास मोजतात: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा. दोन आकड्यांत घट दिसली तर संशयाला आधार मिळतो. आपल्या मुंबईतच डॉ. एस. आर. कामत आणि सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून बिसिनोसिस आणि दम्याचा नेहमीचा जुनाट विकार वेगळे कसे ओळखावेत, यावर १९८१ साली निबंध प्रसिद्ध केला.

पुढच्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. नंतर एकेक गिरणी बंद पडली आणि कापड भिवंडी-मालेगावच्या शेडमध्ये गेले. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिस होता. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या भरपाईच्या यादीतही होता. पण भरपाई मागायची तर नोकरीचा पुरावा हवा. गिरणी कामगाराकडे तिकीट नंबर होता. चार-सहा माणसांच्या शेडमधल्या कारागिराचे नाव हजेरीपटावरही नसते. मग वीस वर्षे धूळ खाल्ली हे तो सिद्ध कसे करणार?

मालक बांधवांनी निदान एक वही ठेवावी: कामगाराचे नाव, कामाला लागल्याची तारीख, कोणते काम. खर्च काही नाही. दुसरे, यंत्रावरची रुई कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची खोड सोडावी, कारण खाली बसलेली धूळ त्याने पुन्हा सर्वांच्या नाकाशी येते. ती ओढून घेणारे मशीन लावावे. तेवढी ऐपत नसेल तर ओल्या फडक्याने पुसावे आणि तेही पाळी संपून माणसे बाहेर गेल्यावर.