आकडा का उमटत नाही?

विज्ञान प्रदर्शन दोन दिवसांवर आले आहे. तुम्ही आणि तुमच्या मित्रांनी मिळून क्रिकेटचा धावफलक तयार केला आहे. सर्व तारा जोडल्या, बॅटरी लावली. पण आकडा काही उमटत नाही! अशा वेळी पहिला राग येतो तो चिपवर. "चिपच खराब आहे," असे म्हणून आपण ती उपटून काढतो. जरा थांबा.

अशा फलकात बहुधा ७४४७ ही चिप वापरतात. ती ७४०० या जुन्या मालिकेतील आहे. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ही मालिका १९६० च्या दशकात बाजारात आणली. चिपचे काम सोपे आहे. चार तारांवरून तिला संख्या कळते. या तारांची किंमत १, २, ४ आणि ८ अशी असते. ५ सांगायचे असेल, तर ४ च्या व १ च्या तारेला ५ व्होल्ट द्यायचे आणि उरलेल्या दोन तारा ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला जोडायच्या. मग सात प्रकाशपट्ट्यांपैकी योग्य त्या पट्ट्या चिप पेटवते आणि इंग्रजी आकडा दिसतो.

आता दोष शोधू या. चिपची खाच वर धरा. डावीकडे वरून खाली १ ते ८ आणि उजवीकडे खालून वर ९ ते १६ असे पाय मोजा. मल्टिमीटरची लाल तार सोळाव्या पायाला व काळी तार आठव्या पायाला लावा. ब्रेडबोर्डला नव्हे, पायालाच! तेथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. ९ व्होल्टची बॅटरी सरळ जोडली असेल, तर मात्र चिप बहुधा गेलीच. मध्ये ७८०५ हा रेग्युलेटर हवा.

वीज ठीक असेल, तर तिसरा पाय ग्राउंडला जोडा. चौथा पाय मात्र ग्राउंडला नको. हा तिसरा पाय चाचणीसाठीच ठेवलेला आहे. सातही पट्ट्या पेटून इंग्रजी आठ दिसला, की फलक, रेझिस्टर आणि फलकाकडच्या तारा निर्दोष आहेत असे समजा. एकही पट्टी पेटली नाही, तर फलक तपासा. ७४४७ ला कॉमन अ‍ॅनोड फलक लागतो. कॉमन कॅथोड फलक दिसायला अगदी तसाच असतो, पण या चिपवर चालत नाही. एखादीच पट्टी अंधारात राहिली, तर तिच्या रेझिस्टरचे चिपकडील टोक ग्राउंडला टेकवा. आता पट्टी पेटली, तर दोष चिपमध्ये किंवा चिपपर्यंतच्या जोडणीत आहे.

चाचणीत आठ दिसतो आणि एरवी अंधार, असे झाले तर? या चिपचा मोकळा पाय ग्राउंडला नसतो. चिप त्याला ५ व्होल्ट मिळाले असेच मानते. चारही तारा सुटल्या, तर बेरीज होते १५, आणि १५ ला ही चिप फलक पूर्ण विझवते. हे ठाऊक नसल्यामुळे मी एकदा चांगली चिप कचऱ्यात टाकली होती. खिशातले पैसे गेले ते गेलेच, दोष मात्र ब्रेडबोर्डच्या सैल भोकांत होता.

एकच तार सुटली, तर गंमत होते. ४ च्या जागी ६ आणि ५ च्या जागी ७ येतो, पण २, ३, ६ आणि ७ बरोबर दिसतात. म्हणजे कोणती तार सुटली? प्रत्येक चुकीत दोनची भर पडली आहे. तेव्हा २ ची तार, म्हणजे पहिला पाय तपासा. हाच हिशेब करून ४ ची तार सुटल्यावर काय दिसेल, ते वहीत लिहून पाहा.

फक्त शून्यच दिसत नसेल, तर पाचवा पाय ग्राउंडला लागला आहे का ते बघा. पुढची नको असलेली शून्ये लपवण्यासाठी तो पाय दिलेला आहे.

आणि इंग्रजी सहाची वरची आडवी पट्टी व नऊची खालची आडवी पट्टी पेटली नाही, तर चिप उपटू नका. ७४४७ ही आकडे असेच काढते.