पाच टनांची मर्यादा

मराठवाड्याच्या रेल्वेचा विचार करताना बार्शी लाइट रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे ऋण विसरता येणार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये अडीच फुटी मार्ग सुरू केला तो एका नियमावर: कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यातील इंजिनांचा भार सहा आसांवर विभागला गेला आणि हलके, स्वस्त रूळ पुरेसे ठरले. १९०६ मध्ये पंढरपूरच्या वारकऱ्यांना आणि १९११ मध्ये निजामी राज्यातील लातूरच्या उतारूंना गाडी मिळाली.

या काटकसरीला दुसरी बाजूही होती. कुर्डुवाडीला रुंद मार्गाशी गाठ पडताच प्रत्येक पोत्याची चढउतार करावी लागे. लातूरचा हा मार्ग रुंद व्हायला २००७-०८ उजाडले. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याच्या गाड्या धावल्या त्या याच जुन्या वाटेने. तो भार अडीच फुटी रुळांना पेलला नसता. परंतु ऐपत ओळखून आधी वाट पाडावी आणि गरज वाढताच ती वेळेवर रुंद करावी, यांपैकी पहिले काम त्या इंजिनांनी चोख केले. दुसऱ्याला मात्र जवळजवळ शतक लागले.