विश्लेषण : रक्ततपासणी यंत्र करते, मग चूक कुठे होते?

सकाळी रक्त दिले की दुपारी अहवाल मोबाइलवर येतो. साखर, क्रिएटिनिन, बिलिरुबिन असे डझनभर आकडे रुग्णालयातील 'ऑटो-अ‍ॅनालायझर' यंत्र काही मिनिटांत काढते. पण यंत्र आले म्हणजे चुका संपल्या का?

यंत्रापूर्वी काय होते?

तंत्रज्ञ प्रत्येक नमुन्यात पिपेटने रसायन मोजून घालत आणि मिश्रणाचा रंग किती गडद झाला, हे कलरीमीटरवर पाहत. नमुने वाढले, तसे हात अपुरे पडू लागले.

यंत्र कोणी शोधले?

अमेरिकेतील क्लीव्हलँडचे जीवरसायनशास्त्रज्ञ लिओनार्ड स्केग्ज यांनी. त्यांनी एकाच बारीक नळीतून नमुने एकामागोमाग सोडले आणि ते मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे ठेवले. टेक्निकॉन कंपनीने १९५७मध्ये हे यंत्र बाजारात आणले. आजची बहुतेक यंत्रे प्रत्येक चाचणी वेगळ्या छोट्या कुपीत करतात, नमुना बारकोडवरून ओळखतात. मात्र अनेक चाचण्यांचे तत्त्व तेच आहे : मिश्रण किती प्रकाश शोषते, ते मोजायचे.

चूक कुठे होते?

बहुतेक चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच होतात. रक्त घेताना पेशी फुटल्या, तर त्यांतील पोटॅशियम बाहेर येते आणि आकडा खोटाच वाढतो. वारंवार मूठ आवळल्यानेही तसे होते. साध्या नळीतले रक्त तसेच पडून राहिले, तर पेशी साखर वापरत राहतात. सामान्य तापमानाला ती तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटते. म्हणजे मधुमेह असूनही अहवाल 'नॉर्मल' दिसू शकतो. यंत्र समोर आलेला नमुना अचूक मोजते, पण तो किती वेळ पडून होता, हे त्याला कळत नाही.

यंत्रावर लक्ष कोण ठेवते?

तंत्रज्ञच. आधीच माहीत असलेल्या मूल्याचे 'कंट्रोल' नमुने रोज चालवून ते यंत्र तपासतात. बाहेरून आलेल्या नमुन्यांवरही परीक्षा होते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातील प्रयोगशाळांसाठी असा उपक्रम चालवते.

रुग्णाने काय करावे?

उपाशीपोटी आहात का, याचे खरे उत्तर द्या. सुरू असलेली औषधे सांगा. नळीवरचे नाव आपलेच आहे ना, ते पाहा. प्रकृतीशी न जुळणारा आकडा आला, तर घाबरण्याआधी डॉक्टरांना विचारा : नमुना पुन्हा तपासायचा का?