दारात दोन गाड्या, घरात आई

मुंबईत लोकलला लटकून वाढलेला माणूस फ्रीमाँटला आला की वर्षभरात गाडी घेतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण एकदा फ्रीमाँटहून सनीव्हेलचं ऑफिस बार्टने गाठून बघा.

बार्ट सुरू झाली 1972 साली. सांता क्लारा काउंटीने मात्र 1957 मध्येच त्या योजनेतून अंग काढून घेतलं होतं. त्यामुळे मिल्पीटसला बार्ट पोचायला 2020 चा जून उजाडला. आजही तिथे उतरून व्हीटीएची ऑरेंज लाइन पकडायची. ती सिग्नलना थांबत सावकाश जाते. मग पुढे ऑफिसपर्यंत चालायचं. बसून जाणारा वेळ खुपत नाही, ताटकळणं खुपतं. दादरला एक लोकल चुकली तर लगेच दुसरी येते. इथे पुढची गाडी हुकली की पंधरा-वीस मिनिटं गेलीच.

शिवाय आपला दिवस कुठे सरळ रेषेत असतो? ऑफिसातून निघायचं, डेकेअर बंद व्हायच्या आत धाकट्याला उचलायचं, वाटेत दूध-कोथिंबीर, मग थोरलीचा क्लास. गाडी ही चार कामं एका फेरीत उरकते.

खर्चाचं गणितही फसवं आहे. हप्ता आणि विमा आधीच भरलेला असतो, म्हणून प्रत्येक फेरीला फक्त गॅसचे पैसे जाणवतात. ट्रेनला मात्र चौघांची चार तिकिटं. आणि पार्किंग जवळपास सगळीकडे फुकट! यूसीएलएचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी 2005 च्या पुस्तकात दाखवलं, की हा फुकटपणा घरभाड्यात आणि वाणसामानाच्या किमतीत मुरलेला असतो. म्हणजे गाडी नसलेलाही तो भरतोच. 2023 पासून कॅलिफोर्नियात मोठ्या स्थानकांच्या अर्ध्या मैलात बहुतेक नव्या इमारतींना पार्किंगची सक्ती करता येत नाही. फरक दिसायला वर्षं लागतील.

तोवर अडकते ती सहा महिन्यांसाठी आलेली आई. डोंबिवलीहून एकटी दादरला जाऊन साडी आणणारी बाई इथे देवळात जायला शनिवारची वाट बघते. तिला 65 पूर्ण असतील तर सीनियर क्लिपर कार्ड काढून द्या, बार्टवर निम्म्याहून जास्त सवलत मिळते. पहिल्या दोन वेळा सोबत जा. स्टेशनपर्यंत मात्र बहुधा गाडीनेच सोडावं लागेल.