घोड्याच्या बाजूने चालणारे
ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ १९६९पासून अपंगांना घोड्यावर बसवते, तेही मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. घोडा चालताना स्वाराची कंबर जवळजवळ आपण चालताना हलते तशीच हलते. त्याने तोल सावरायला, पाठ ताठ ठेवायला मदत होते. एक स्वयंसेवक घोड्याचा दोर धरतो, गरजेप्रमाणे दोघे दोन्ही बाजूंनी चालतात. बाजूच्याचा हात स्वाराच्या मांडीवर आडवा, बोटं खोगिराच्या कडेला. हात भरून येतो. मग घोडा थांबवून बाजू बदलायची, पण एका वेळी एकानेच. मध्येच गप्पा नकोत, सूचना प्रशिक्षकाच्याच. (हेच सगळ्यात अवघड!) उरलेला वेळ खरारा करणं आणि लीद उचलणं. घोडेस्वारी येत नसली तरी चालतं; रिंगणातल्या वाळूत चालायची तयारी मात्र हवी.