मालक नव्हे, कारभारी

एकत्र कुटुंबाचा कर्ता घरची शेतीवाडी पाहतो, पैका खर्च करतो, प्रसंगीं धाकट्यांस रागेंही भरतो. पण वडिलार्जित मिळकत त्याच्या एकट्याची नसते आणि केव्हां ना केव्हां तिचा हिशेब त्याला द्यावा लागतो, ही गोष्ट आमच्या वाचकांस निराळी सांगावयास नको. सृष्टीमध्यें मनुष्याचें स्थान कोणतें, या प्रश्नास इस्लामनें दिलेलें उत्तर समजून घेण्यास हीच उपमा आम्हांस सर्वांत जवळची वाटते.

कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांत एक प्रसंग आहे. पृथ्वीवर आपण एक ‘खलीफा’ नेमणार, असें ईश्वर देवदूतांस कळवितो. खलीफा म्हणतांच आपल्या डोळ्यांपुढें बगदादचे वैभवशाली सत्ताधीश उभे राहतात. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ ‘मागून येऊन दुसऱ्याच्या जागीं काम पाहणारा’ एवढाच आहे. देवदूत लगेच शंका काढतात कीं, जो तेथें बिघाड करील आणि रक्त सांडील, अशालाच नेमावयाचें काय? ईश्वर ती शंका खोटी ठरवीत नाहीं. मला ठाऊक आहे तें तुम्हांस ठाऊक नाहीं, इतकेंच सांगतो. म्हणजे मनुष्याला अधिकार मिळाला, तोच मुळीं त्याच्याविषयींच्या शंकेसह मिळाला. पुढें सहाव्या अध्यायांत पशु व पक्षी हेही मनुष्यांसारखेच ‘उम्मत’, म्हणजे समाज, आहेत असें म्हटलें आहे. सृष्टि मनुष्याच्या सेवेस लाविली आहे, हें कुराण वारंवार सांगतें खरें. परंतु उपभोग निराळा आणि स्वामित्व निराळें.

या विचाराला आचाराची जोडही दिलेली आहे. हजच्या यात्रेकरूनें यात्रेचीं वस्त्रें परिधान केलीं कीं त्याला रानांतील शिकार वर्ज्य होते. जाणूनबुजून जनावर मारल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागतें. नमाजापूर्वीं हातपाय धुतांना, वाहत्या नदीच्या कांठीं बसलें असतांही, पाणी उधळूं नये, अशी पैगंबरांची शिकवण परंपरेनें सांगितली जाते.

परंतु या तत्त्वाची खरी कसोटी लागली ती गवताच्या बाबतींत. अरबस्तानासारख्या रुक्ष देशांत कुरण हेंच धन. तेथें इस्लामपूर्वीं बलाढ्य सरदार एखादें चांगलें कुरण आपल्यापुरतें राखून इतरांच्या जनावरांस मज्जाव करीत. अशा राखीव कुरणास ‘हिमा’ म्हणत. हिमा राखण्याचा हक्क ईश्वर व त्याचा पैगंबर यांच्यावांचून कोणासही नाहीं, असें महंमद पैगंबरांनीं ठरविलें, आणि कुरण राखावयाचें तर तें सार्वजनिक हितासाठींच, असा नियम धर्मशास्त्र्यांनीं त्यावरून काढला.

दुसरे खलीफा उमर (इ. स. ६३४ ते ६४४) यांची एक हकीकत बुखारीच्या हदीससंग्रहांत आहे. हिमेवर नेमलेल्या हुनय नांवाच्या सेवकास त्यांनीं बजावलें कीं, ज्याच्याजवळ थोडेसे उंट किंवा थोड्याशा मेंढ्या आहेत त्याला आंत येऊं दे. परंतु अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांचे कळप बाहेर ठेव. हे दोघेही पैगंबरांचे निकटचे सहकारी व मोठे धनिक. उस्मान तर पुढें स्वतः खलीफा झाले. उमरांचें म्हणणें असें कीं, त्यांचीं जनावरें मेलीं तरी त्यांना शेतें व खजुरीच्या बागा आहेत. गरिबाचीं मेलीं तर तो मुलांबाळांसह माझ्या दारीं येईल, आणि त्याला सोनेंरुपें देण्यापेक्षां गवतपाणी देणें मला सोपें आहे.

पुढें टोळ्यांनीं व गांवांनीं राखलेल्या हिमा शतकानुशतकें टिकल्या. १९५३ सालीं सौदी अरबस्तानांत राजाज्ञेनें टोळ्यांचे हे हक्क रद्द होऊन चराई सर्वांस खुली झाली. हेतु समतेचा दिसतो; पण राखण गेली, पाणी मोटारींतून वाटेल तेथें पोंचूं लागलें, कळप एकेका ठिकाणीं मुक्काम करूं लागले, आणि पुष्कळ कुरणें उजाड झालीं. उलट लेबनॉनमध्यें २००४ सालापासून एबल अस्-सकीसारख्या गांवीं हिमेची जुनी चाल पुन्हा सुरू झाली. तेथें ती प्रवासी पक्ष्यांच्या रक्षणार्थ आहे.

धर्मवचन असूनही कुरणें उजाड झालीं, म्हणून त्या वचनास नांवें ठेवावीं काय? आमच्याकडील गायरानांची व कित्येक देवरायांची आजची अवस्था पाहिली म्हणजे तसें बोलण्यास आमची जीभ रेटत नाहीं. उमरांनीं घातलेला निर्बंध मात्र आम्हांस विसरतां येत नाहीं. त्यांनीं कुरण राखलें, पण तें गरिबास बाहेर ठेवून राखलें नाहीं. आपल्याच बरोबरीच्या मातबरांस त्यांनीं दाराबाहेर उभें केलें. कारभार करणाराला हें जड जातें, हें ज्यांनीं मोठ्या घरचा कारभार जवळून पाहिला आहे त्यांस ठाऊक आहेच.